तिची चाल का बदलली?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



आत्ता चहाची सुट्टी संपली आणि आपण सगळ्या पुन्हा सतरंजीवर येऊन बसलो. मी मुद्दाम दाराशी उभी राहून बघत होते. आपण इथे बावीस जणी आहोत. त्यातल्या सात जणी भिंतीचा, खांबाचा किंवा शेजारणीच्या खांद्याचा आधार घेऊन खाली बसल्या. दोघी बसल्याच नाहीत. खिडकीला टेकून उभ्या आहेत आणि ‘आम्हाला इथंच बरं आहे’ म्हणतायत. शिबिराच्या पत्रकात आजचा विषय ‘गुडघेदुखी’ असा छापला आहे. पण मला गुडघ्याबद्दल बोलायचं आहे ते चालण्याच्या अंगानं. कारण बाई गुडघा दुखतो हे सांगते फार उशिरा. त्याच्या कितीतरी आधी तिची चाल ते सांगत असते. बघणाऱ्याला ते दिसत नाही, एवढंच.

गंमत बघा. आपल्या चालण्यावर लहानपणापासून सगळ्यांचं लक्ष असतं. ‘पाय आपटत चालू नकोस’, ‘मुलीच्या जातीनं एवढ्या ढांगा टाकू नयेत’, ‘खाली बघून चाल’. वयात आलो की रस्त्यावरचे पुरुष आपली चाल बघतात. लग्न ठरवताना ‘जरा चालून दाखव’ म्हणणारे लोक तर आपल्यातल्या कित्येकींनी पाहिले आहेत. आणि तीच बाई पन्नाशीला आली, डुलत, पाय फेंगडे टाकत चालायला लागली, की मात्र कुणाचंच लक्ष नसतं. असलंच तर नक्कल करून हसण्यापुरतं. बाईच्या चालीची चौकशी शोभेसाठी होते, दुखण्यासाठी होत नाही.

एक न येणारी बाई

आधी आपलीच एक चूक सांगते. ज्या वस्तीत मी दर आठवड्याला जाते, तिथल्या बचतगटात एक मावशी होत्या. धुण्याभांड्याची चार घरं करायच्या. बैठकीला सगळ्यांच्या आधी हजर, मोर्चात पुढे. हळूहळू त्या येईनाशा झाल्या. आम्ही आपापसात बोललो, नवऱ्यानं अडवलं असेल, उत्साह कमी झाला असेल, सून आल्यावर बाई घरात रमली असेल. एकीनं तर ‘आता त्यांना चळवळीची गरज राहिली नाही’ असंही म्हटलं. शेवटी मी घरी गेले. मावशी म्हणाल्या, “ताई, बैठक दुसऱ्या मजल्यावर. चढते कशी तरी, पण उतरताना जीव जातो. आणि वर गेल्यावर खाली बसायचं. एकदा बसले की उठायला दोघी लागतात. सगळ्यांसमोर लाज वाटते. म्हणून येत नाही.”

आम्ही वर्षभर तिच्या विचारांची कारणं शोधत होतो. कारण तिच्या गुडघ्यात होतं आणि आमच्या जिन्यात होतं.

म्हणून हा विषय केवळ औषधपाण्याचा नाही. बाईची चाल बदलते तसं तिचं जग लहान होत जातं. आधी देवळाची टेकडी सुटते, मग बाजार, मग लेकीचं गाव, मग बैठक, आणि शेवटी घरातलाच जिना. हे सगळं इतकं हळू होतं की तिला स्वतःलाही ते कळत नाही. ती म्हणते, “मला हल्ली कुठं जावंसंच वाटत नाही.”

एक पाऊल टाकताना काय होतं?

आता थोडं शरीराकडे वळू. गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवर टेकतात, पुढच्या बाजूला वाटी असते. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो, मधे दोन चंद्रकोरीच्या आकाराच्या गाद्या असतात, आणि सगळं एका पिशवीत असतं, तिच्यात वंगणासारखा द्रव असतो. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. भार पडला की ती दबते, भार गेला की फुगते, आणि या दाबण्या-सोडण्यातूनच तिला पोषण मिळतं. म्हणजे हालचाल हे गुडघ्याचं अन्न आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चालताना प्रत्येक पाय सुमारे साठ टक्के वेळ जमिनीवर असतो आणि चाळीस टक्के वेळ हवेत. टाच टेकली की निरोगी गुडघा पंधरा-वीस अंशांत किंचित वाकतो. हा धक्का झेलण्याचा वाक. गाडीच्या स्प्रिंगसारखा. हे काम मांडीचा पुढचा मोठा स्नायू करतो. मग पाय उचलला की गुडघा साठेक अंशांत दुमडतो, म्हणून पाऊल जमिनीला न घासता पुढे येतं.

सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर येणारा भार आपल्या वजनाच्या साधारण अडीच पट असतो. म्हणजे साठ किलोच्या बाईच्या गुडघ्यावर पावलागणिक दीडशे किलो. जिना उतरताना तो साडेतीन पटीच्या आसपास जातो. म्हणूनच बहुतेक जणी आधी ‘उतरताना दुखतं’ असं सांगतात. आणि हा भार गुडघ्यात सारखा वाटला जात नाही. एका पायावर उभं असताना शरीराचं वजन गुडघ्याच्या आतल्या बाजूकडून खाली येतं. त्यामुळे निम्म्याहून बराच जास्त भार आतली बाजू सोसते. झीज बहुतेक वेळा तिथेच जास्त दिसते, आणि ती बाजू खचली की पाय धनुष्यासारखा बाहेर वाकतो. पाय वाकला की आतल्या बाजूवर आणखी भार, आणि आणखी झीज.

‘झीज’ हा शब्द मी सवयीनं वापरला, पण तो अपुरा आहे. गुडघा म्हणजे चपलेची टाच नव्हे, की वापरली आणि झिजली. या आजारात कूर्चा तर विरते, पण खालचं हाडही बदलतं, कडेला हाडाची टोकं वाढतात, आतल्या अस्तराला सूज येते, स्नायू कमजोर होतात. अख्खा सांधाच आजारी पडतो. ‘वंगण संपलं’, ‘गॅप राहिला नाही’ हे बोलणं ऐकून बाई घाबरते आणि चालणंच बंद करते. खरं तर एक्स-रेत दिसणारा बदल आणि प्रत्यक्ष दुखणं यांचा मेळ नेहमी बसतोच असं नाही. फोटो वाईट आणि बाई टुणटुणीत, फोटो बरा आणि बाई कळवळते, असं दोन्ही आम्ही रोज पाहतो.

चाल बदलते ती अशी

आता कुणीतरी उठा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. ...शाबास. बाकीच्यांनी काय पाहिलं?

पहिलं, वेग कमी आणि पावलं आखूड. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असतात तो वेळ लांबतो. दुखऱ्या पायावर एकटं उभं राहायला शरीर तयार नसतं.

दुसरं, गुडघा ताठ. टाच टेकल्यावरचा तो छोटा वाक नाहीसा होतो. वाकला तर मांडीच्या स्नायूला ताण द्यावा लागतो आणि त्यानं वाटीमागे कळ येते. म्हणून शरीर गुडघा ताठ धरून पाय लाकडासारखा पुढे टाकतं. कळ चुकते, पण धक्का झेलणारी स्प्रिंग गेली.

तिसरं, डुलणं. दुखऱ्या पायावर भार आला की धड त्याच बाजूला झुकतं. लोक याला हसतात. पण ही शरीराची हुशारी आहे. धड त्या बाजूला कललं की वजनाची रेषा गुडघ्याच्या जवळ येते आणि आतल्या बाजूचा भार थोडा कमी होतो. काही जणी पावलं बाहेर वळवून टाकतात, त्यानंही आतली बाजू थोडी हलकी होते. कुणी शिकवलेलं नसतं. दुखणंच शिकवतं.

चौथं, आणि हे नीट बघायला शिका. पायावर भार येताक्षणी गुडघा झटकन बाहेरच्या बाजूला सरकतो. मागून किंवा समोरून बघितलं की दिसतं. ज्यांच्या चालीत हा झटका असतो त्यांचा आजार पुढे सरकण्याचा धोका जास्त असतो. अशा बाईला ‘बघू नंतर’ म्हणू नका, तपासणीला पाठवा.

या सगळ्या युक्त्या त्या क्षणी उपयोगी असतात, पण त्यांची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. कंबर दुखू लागते, दुसरा गुडघा दुखू लागतो. मांडीचा स्नायू वापरला जात नाही म्हणून बारीक होतो. स्नायू गेला की सांध्याचा आधार गेला, मग दुखणं वाढतं, मग चालणं आणखी कमी. पडण्याची भीती वाढते, आणि पडण्याची शक्यताही खरोखरच वाढते. हे चक्र कुठून तोडायचं ते पुढे सांगते.

बायकांनाच जास्त का?

हा आजार पुरुषांनाही होतो. पण पन्नाशीनंतर बायकांमध्ये त्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त असतं. पाळी जाण्याच्या काळातले बदल, मांडीच्या स्नायूंची कमी ताकद, वजन, आनुवंशिकता, जुनी इजा, अशी कारणं सांगितली जातात. ती खरी आहेत. पण त्या यादीत एक कारण नेहमी शेवटी येतं किंवा येतच नाही. ते म्हणजे काम.

वर्षानुवर्षं उकिडवं बसून, गुडघे टेकून, ओझी उचलून काम करणाऱ्यांना गुडघ्याचा हा आजार जास्त होतो, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. चीनमधल्या बीजिंग शहरातल्या साठीपुढच्या लोकांचा मोठा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या बायकांमध्ये गुडघ्याच्या या आजाराचं प्रमाण अमेरिकेतल्या त्याच वयाच्या गोऱ्या बायकांपेक्षा जास्त निघालं, जरी त्या अंगानं सडपातळ होत्या. पुढे त्याच अभ्यासातून तरुणपणी रोज बराच वेळ उकिडवं बसण्याशी त्याचा संबंध दिसला. म्हणजे सगळं खापर वजनावर फोडून चालत नाही.

आता आपल्याकडे बघू. भाताच्या लावणीत आणि निंदणी-खुरपणीत दिवसभर कोण वाकतं आणि उकिडवं बसतं? दुसऱ्याची फरशी गुडघ्यावर बसून कोण पुसतं? ऊसतोडीला गेलेली बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते, उतरते, पुन्हा चढते. ओझं डोक्यावर आणि भार गुडघ्यावर. पाण्याचा हंडा तसाच.

आणि घरातलं काम तर मोजलंच जात नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत दिसलं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात, आणि असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. २८९ मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास. ती ओट्यापाशी उभं राहण्यात, खाली बसण्यात, उठण्यात, वाकण्यात जातात.

ब्रिटनमध्ये २००९ साली कोळशाच्या खाणीत जमिनीखाली दहा वर्षं किंवा अधिक काम केलेल्यांचा गुडघ्याचा हा आजार ‘कामामुळे झालेला आजार’ म्हणून सरकारी लाभासाठी मान्य झाला. पुढे गालिचे आणि फरशा बसवणाऱ्या कामगारांचाही समावेश झाला. हे कामगार बहुतेक पुरुष, आणि त्यांच्यामागे संघटना होत्या. त्यांना न्याय मिळाला याचा आनंदच आहे. पण जी बाई फरशी बसवत नाही, तर बसवलेली फरशी तीस वर्षं रोज पुसते, तिचं काय? महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. तिच्या गुडघ्याला ‘कामाचा आजार’ म्हणवून घ्यायची लढाई मात्र अजून आपल्या अजेंड्यावरही आलेली नाही.

आणखी एक. सरकारी आरोग्यव्यवस्थेला बाई दिसते ती गर्भाशयापुरती. पाळी, बाळंतपण, नसबंदी, लस. त्यासाठी नोंदवह्या आहेत, उद्दिष्टं आहेत. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, चौकशी झाली. ते आवश्यकच होतं. पण त्याच बाईच्या गुडघ्याची, कमरेची, मानेची नोंद कुठे होते? मूल होण्याचं वय संपलं की बाई नोंदवहीतून बाहेर.

दवाखान्यात काय होतं?

ऑक्टोबर २००० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या एका गुडघ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि २००१ मध्ये दुसऱ्या. ते कसे चालतात, किती पावलं चालले, याच्या बातम्या साऱ्या देशानं वाचल्या. गुडघा बदलता येतो हे अनेक घरांना तेव्हाच कळलं. त्याच घरांतल्या आईची चाल मात्र कुणी मोजली नाही.

हे मी भावनेनं बोलत नाही. कॅनडातल्या ऑन्टेरिओ प्रांतात एक प्रयोग झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. एक पुरुष आणि एक बाई. दोघांच्या गुडघ्यांची अवस्था सारखी, सांगायची लक्षणं सारखी. दोघांनी ७१ डॉक्टरांना वेगवेगळं दाखवलं. ४२ टक्के डॉक्टरांनी पुरुषाला गुडघा बदलण्याचा सल्ला दिला पण बाईला दिला नाही. उलट, बाईला दिला आणि पुरुषाला दिला नाही, असे फक्त ८ टक्के. डॉक्टरांत स्त्रियाही असतात, चांगले लोकही असतात. तरी ‘बाई थोडं वाढवून सांगते’, ‘तिला काय एवढं चालायचं असतं’ हे मनात असतंच.

आपल्याकडे बाई दवाखान्यात गेली की काय ऐकते? “वय झालं आता.” “वजन कमी करा.” “खाली बसू नका.” हातावर गोळ्या. खाली बसू नका म्हणजे काय करू, हे कुणी सांगत नाही. घरात संडास भारतीय पद्धतीचा, धुणं मोरीत, चूल जमिनीवर. ज्या सल्ल्याला घरात जागा नाही तो सल्ला बाईला दोषी ठरवतो, बरी करत नाही.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, बंद पडायचं नाही. मघाशी म्हटलं ना, हालचाल हे गुडघ्याचं अन्न आहे. जगभरच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचना आज एका सुरात सांगतात की या आजाराचा पहिला उपचार व्यायाम हा आहे. गोळ्या आणि शस्त्रक्रिया नंतर. आणि व्यायामात सगळ्यात महत्त्वाचा आहे मांडीचा स्नायू. चक्र तिथून तुटतं.

आत्ता करून बघू. ज्या खुर्चीवर आहेत त्यांनी ताठ बसा. एक पाय समोर सरळ करा, पंजा आपल्याकडे ओढा, मांडी आवळा, मनात पाच आकडे मोजा, हळू खाली. दहा वेळा. मग दुसरा पाय. खाली बसलेल्यांनी पाय पसरा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्यानं ती खाली दाबा. तिसरा व्यायाम, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, हा चौथा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत होतो. रोज करा. फरक दोन-तीन महिन्यांनी जाणवतो, आठ दिवसांत नाही. करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरलं तर ठीक. वाढतच गेलं तर प्रमाण कमी करा, बंद करू नका. चालणंही तसंच. एकदम तासभर नको, दहा-दहा मिनिटं तीनदा चाला.

दुसरी गोष्ट, काठी. काठी धरायची कुठल्या हातात? ...पाहिलंत, बहुतेकींनी दुखऱ्या बाजूचा हात वर केला. चूक. काठी धरायची दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात. दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे टाकायची. त्यानं दुखऱ्या गुडघ्यावरचा भार कमी होतो आणि डुलावं लागत नाही. हात खाली सोडला की मनगट येतं तेवढी मूठ उंच हवी. जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली. आणि काठीची लाज सोडा. चष्म्याची लाज वाटते का?

तिसरी, वजन. यावरून कुणी कुणाला टाकून बोलायचं नाही. पण हिशेब माहीत असू द्या. वजन जास्त असलेल्या गुडघेदुखीच्या रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. तीन किलोंनीही फरक पडतो. मात्र याचा अर्थ उपाशी राहणं नव्हे. घरात सगळ्यांत शेवटी उरलंसुरलं, बहुतेक भात-भाकरीच खाणाऱ्या बाईला डाळ, अंडं, दूध जास्त मिळायला हवं. स्नायू त्यावरच उभा राहतो.

चौथी, औषधं. गुडघ्यावर चोळायचं दुखण्याचं मलम आधी वापरून बघा. पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या मनानं महिनोन्महिने घेऊ नका. जठराला, मूत्रपिंडाला, रक्तदाबाला त्या त्रास देतात. बाजारात मिळणाऱ्या, ‘दोन दिवसांत गुडघा मोकळा’ म्हणणाऱ्या बिनलेबलाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. दुर्बिणीनं गुडघा ‘साफ’ करण्याच्या शस्त्रक्रियेची अमेरिकेत खोट्या शस्त्रक्रियेशी तुलना केली गेली. २००२ साली निष्कर्ष आला की दोन्हींत फरक नाही. तेव्हा झिजेसाठी कुणी हे सुचवलं तर प्रश्न विचारा.

पाचवी, गुडघा बदलणं. सगळं करूनही दुखणं थांबत नाही, रात्रीची झोप जाते, घराबाहेर पडणं बंद होतं, तेव्हा ही चांगली शस्त्रक्रिया आहे. बसवलेले सांधे टिकतातही. २५ वर्षांनंतरही दहातले आठ शाबूत असतात असं २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. पण ती जादू नाही. पाचातली एखादी नंतरही पूर्ण समाधानी नसते. आणि जुनी डुलती चाल आपोआप जात नाही, चालणं पुन्हा शिकावं लागतं. खर्चाचं म्हणाल तर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची सरासरी छापील किंमत दीड लाखांच्या वर होती, ती कर सोडून ५४,७२० रुपयांवर आणली. बिलात सांध्याची किंमत वेगळी मागा, तो तुमचा हक्क आहे. सरकारी योजनेत बसतं का, हेही आधी विचारा.

पण खरी अडचण मी घरोघर वेगळीच ऐकते. “सहा आठवडे मी पडून राहिले तर स्वयंपाक कोण करणार?” म्हाताऱ्यांचं, नातवंडांचं, नवऱ्याच्या डब्याचं सगळं लावून होईपर्यंत तिची शस्त्रक्रिया पाच वर्षं लांबते. तोवर मांडीचा स्नायू गेलेला असतो आणि निकालही तेवढा चांगला येत नाही.

एक इशाराही ऐकून ठेवा. गुडघा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, किंवा गुडघा अडकूनच बसला तर लगेच डॉक्टर गाठा. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात जात असेल तर तो बहुधा हाच आजार. तासभर टिकत असेल आणि हाताची बोटंही सुजत असतील तर तो आमवात असू शकतो. त्याचे उपचार अगदी वेगळे आहेत आणि ते लवकर सुरू व्हायला हवेत.

हे एकटीचं काम नाही

आता मागण्यांकडे येते. कारण एकटीनं पाय उचलायचे व्यायाम करून रस्ता अरुंद होत नाही.

रस्ता ओलांडण्याचा सिग्नल लावताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. बारा मीटरच्या रस्त्याला दहा सेकंद. गुडघे दुखणारी बाई सेकंदाला ०.८ मीटर चालत असेल तर तिला पंधरा लागतात. पाच सेकंद ती गाड्यांच्या पुढ्यात असते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं, फार चांगलं झालं. पण पहिली पायरी तेवढीच उंच आहे आणि कंडक्टरची घंटा तेवढीच घाईची. सार्वजनिक शौचालयात भिंतीला धरायला एक दांडा लावायला किती खर्च येतो? वस्तीतल्या एकाही शौचालयात तो नाही. पुढच्या वेळी वॉर्ड ऑफिसात निवेदन द्याल तेव्हा पाणी आणि दिव्यांबरोबर हा दांडा लिहा, एक-दोन कमोड लिहा, सिग्नलची पाच सेकंदं लिहा.

घरकामगार संघटनांनी मालकिणींशी बोलताना पगाराबरोबर दांड्याचा पोछा आणि बसायला स्टूल मागावं. मालकीणही बाईच आहे, गुडघा तिलाही आहे. घरात विळीऐवजी ओट्यावर सुरी, मोरीत धुण्यासाठी पाट उंच, आणि मुख्य म्हणजे खाली वाकायची कामं मुलगे आणि नवरे यांच्याकडे. ही मदत नव्हे, वाटणी.

आणि शेवटी आपण. आजपासून आपली बैठक तळमजल्यावर घ्यायची. सतरंजीबरोबर दहा खुर्च्या ठेवायच्या, आणि त्या ‘म्हाताऱ्यांच्या’ असं म्हणायचं नाही, ज्या बाईला हवी तिनं घ्यावी. प्रत्येक गटानं पुढच्या तीन महिन्यांत आपल्या वस्तीतल्या चाळिशीपुढच्या बायकांना चारच प्रश्न विचारायचे. जिना उतरताना दुखतं का? खाली बसून उठायला आधार लागतो का? गेल्या वर्षात कुठे जाणं सोडलं? किती वर्षं, कसलं काम केलं? उत्तरं वहीत लिहा. सरकारकडे ही नोंद नाही. आपण केली तर मागण्यांना पाया मिळेल.

त्या मावशी आता पुन्हा येतात. गुडघा पूर्ण बरा झालेला नाही, तो होत नसतो. पण तीन महिने मांडीचे व्यायाम केले, काठी उजव्या हातातून डाव्या हातात गेली, बैठक खालच्या शाळेच्या खोलीत आली. गेल्या महिन्यात रेशनच्या मोर्चात त्या आल्या होत्या. सगळ्यांच्या मागे होत्या, म्हणून आम्ही पुढच्यांनी वेग कमी केला. मोर्चा अर्धा तास उशिरा पोचला. काही बिघडलं नाही.

चला, आता उठायचं आहे. घाई करू नका. ज्यांना आधार हवा त्यांनी हात पुढे करा, आणि शेजारणींनो, तुम्ही तो धरा.